पाटीवरचा शब्द

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी काही कामानिमित्त नागपूरला गेलो होतो. माझा भाचा तेथे सँडविच विकणाऱ्या एका मोठ्या साखळीच्या दुकानात कामाला आहे. 'मामाजी, दुपारचं जेवण माझ्याकडेच,' असा त्याचा आग्रह पडला, म्हणून गेलो. काचेचे दार, आत गारवा आणि गल्ल्याच्या वर ठळक अक्षरांत एक पाटी. तिच्यावर तेथील पदार्थांना 'गुर्मे' असे म्हटले होते. मी भाच्याला अर्थ विचारला. 'खवय्यांसाठीचं, उंची खाणं,' तो म्हणाला. मी मोठ्याने हसलो. म्हणालो, 'पावात काकडी घातली की झालं का उंची? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!' त्याचे दोन सोबती ऐकत होते. भाचा काहीच बोलला नाही. मान खाली घालून त्याने माझा पाव गरम केला, कापला आणि कागदात नीट गुंडाळून माझ्यापुढे ठेवला.

एस. टी.ने लोहाऱ्याला परतताना ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी खोटे बोललो होतो काय? तसे वाटत नव्हते. मग खरे बोलूनही मन का खात होते? या प्रश्नाचा छडा लावावा म्हणून मी त्या शब्दाच्याच मागे लागलो.

'गुर्मे' हा शब्द फ्रेंच आहे. प्रारंभी तो द्राक्षारसाच्या व्यापाऱ्याकडील चाकराला लावीत. पुढे द्राक्षारसाची पारख असणाऱ्याला आणि कालांतराने अन्नाची सूक्ष्म जाण असणाऱ्याला तो लागू झाला. म्हणजे हे मुळात पदार्थाचे नव्हे, तर माणसाचे विशेषण. चव ओळखणाऱ्याने तो मान द्यायचा असतो. दुकानाने स्वतःच तो आपल्या दारावर टांगणे म्हणजे एखाद्याने स्वतःच्या नावामागे 'सज्जन' असे लिहून घेण्यासारखे आहे.

अशा दुकानांचा जन्मही काही उंची खाण्यातून झालेला नाही. आज जगभर पसरलेल्या 'सबवे' या साखळीचे पहिले दुकान १९६५ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे निघाले. फ्रेड डेलुका या सतरा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. पीटर बक या कौटुंबिक स्नेह्याने त्याला हजार डॉलर दिले आणि दुकान उभे राहिले. २००१ साली ही साखळी भारतात आली. त्याच वर्षी मुंबईत मालाडला वडापावाच्या साखळीचाही प्रारंभ झाला. ती पुढे 'जम्बोकिंग' म्हणून ओळखली जाऊ लागली. वडापाव स्वतः त्याहून जुना. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे मानले जाते. त्याच्या पावाचे नाव पोर्तुगीजांकडून आले. घाईच्या, श्रमाच्या माणसाला हातात धरून खाता यावे आणि पोट भरावे, एवढीच या साऱ्या पदार्थांची मूळ प्रतिज्ञा होती, आणि ती लहान नाही.

नाव आणि वस्तू यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला आहे. आयर्लंडमध्ये १९७२ च्या मूल्यवर्धित कराच्या कायद्याने नित्याच्या अन्नातील पावाला करमाफी होती. मात्र त्यातील साखर पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, अशी अट होती. सबवेच्या पावात ती सुमारे दहा टक्के असल्याने त्या कायद्यापुरता तो पाव ठरत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. 'उंची' म्हणण्याची गोष्ट दूरच; येथे 'पाव' म्हणण्यावरच वाद झाला!

हे वाचताना आपल्या वेदीवरच्या भाकरीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. मिस्साबलिदानासाठीची भाकर केवळ गव्हाची आणि नुकतीच केलेली असावी, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. आपल्या लॅटिन विधीत तिला खमीरही चालत नाही. गहू आणि पाणी, बस्स. जिला आपण सर्वाधिक मान देतो, ती भाकर सर्वांत साधी आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना पुरलेल्या भाकरीही जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्याच होत्या.

येथवर माझे मत मलाच पटत चालले होते. पण त्याच शुभवर्तमानातील काना गावचे लग्न आठवले आणि मी थबकलो. तेथे भोजनकारभारी द्राक्षारस चाखतो आणि तो उत्तम आहे हे अचूक ओळखतो. तो खरा पारखी. परंतु तो द्राक्षारस आला कोठून, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते पाणी भरणाऱ्या चाकरांना. वाचकहो, नागपूरच्या त्या दुकानात मी भोजनकारभारी होऊन बसलो होतो. चाखण्याआधीच निकाल देऊन मोकळा झालो, आणि चाकराला काय ठाऊक आहे हे विचारलेच नाही.

नाताळला भाचा लोहाऱ्याला आला. यवतमाळहून मध्यरात्रीची मिस्सा आटोपून परतल्यावर मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला. मग हळूहळू बोलू लागला. 'पाटी वरून येते, मामाजी. पावाचं गोठवलेलं पीठ वरून येतं, सॉसची पाकिटंही वरूनच. काकडीच्या चकत्या किती घालायच्या, तेही ठरलेलं. पण पाव करपू न देणं, आणि कोमेजलेली भाजी दिसली की काढून टाकणं, एवढं आमच्या हातात असतं. तुमच्यासाठी त्या दिवशी टमाटे मी नवे कापले होते.'

माझे मत मी बदललेले नाही. सर्व गावी एकसारखी चव मिळणे हे साखळीचे वचन असते. उंची खाणे मात्र ऋतू, माती आणि हात यांच्या वेगळेपणावर जगते. तेव्हा 'गुर्मे' हा शब्द त्या पाटीवर शोभत नाही. परंतु पाटीचा खोटेपणा हा त्या खाली राबणाऱ्या हातांचा खोटेपणा नव्हे, हे मला साठी उलटल्यावर शिकावे लागले. स्वच्छ, ताजे, मनापासून केलेले अन्न 'चांगले' असते. 'चांगले' हा शब्द त्याला पुरतो, आणि तोच मी त्या दिवशी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजले. सोबत वांग्याची भाजी आणि तूप. घरोघरचा रोडगा वेगळा, आणि एकाच घरातला प्रत्येकही वेगळा. भाच्याने एका बाजूने करपलेला रोडगा उचलला आणि हसून म्हणाला, 'दुकानात हा टाकून द्यावा लागला असता.' मी त्याच्या हातून तो घेतला, करपलेली बाजू खरवडली, वर तुपाची धार धरली आणि त्याच्या ताटात वाढला.