कमानपाट्याचा कोयता

बाबू,

फोनवर पाठवलेले दोन्ही फोटो पोचले. तू कुरियरने मागवलेलं पातं देखणं आहे, यात वाद नाही. पण खाली तू लिहिलंस, ‘आता गावच्या कोयत्याची गरज नाही, हे जन्मभर पुरेल’, आणि तुझ्या मामाला दुपारभर स्वस्थ बसवेना. त्यात दुसऱ्या फोटोत पायात स्लिपर, डाव्या हातात फांदी आणि उजव्या हाताने त्याच फांदीवर घाव! तो फोटो तुझ्या आईला दाखवलेला नाही. नानांच्या अंगठ्याचं प्रकरण ती अजून विसरलेली नाही. तूही विसरायला नको होतंस.

विचारलं होतंस एवढंच, की म्यान चामड्याचं घेऊ का नायलॉनचं. ते होईल, पण आधी म्यानात काय जाणार आहे ते बघू.

सात मिलिमीटर जाडी, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ. हे रूप आलं १९८२ सालच्या ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमातून. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातातला तो सुरा आर्कान्सासच्या जिमी लाइल यांनी घडवला होता. मुठीच्या पोकळीत सुईदोरा, काड्या, असला सगळा संसार. मग जगभर त्याच्या नकला निघाल्या आणि अजून निघतायत. लाइल यांचं काम अव्वल होतं. स्वस्त नकलेत मात्र पात्याची शेपटी त्या नळीत जेमतेम बोटभर शिरलेली असते. वाळलेल्या ऐनाच्या फांदीवर घाव घालत बसलास, की प्रत्येक घावाचा हिसका त्या एका सांध्यावर. पातं मुठीतून सुटलं तर ते कुणाच्या दिशेने जाईल, याचा विचार केलायस का?

जाडीचा मोह सगळ्यांनाच पडतो. पण तू साफ करायला निघालायस त्या सड्याखालच्या जमिनीत वाढलंय काय? घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, वर चढलेल्या उक्षीच्या वेली. ही सगळी लवचीक जात. जाड पातं आदळलं की काडी वाकते, मागे जाते आणि तुटतच नाही. तिला हवं पातळ, लांब आणि वेगाने फिरणारं पातं. शाळेत शिकलेलंच आहे: वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. लॅटिन अमेरिकेत ऊस, केळी आणि जंगल ज्या मॅशेटीने तोडलं जातं, तिचं पातं दीड फुटाच्या आसपास लांब आणि साधारण दोनच मिलिमीटर जाड असतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये १८२६ साली सुरू झालेला कॉलिन्स हा कारखाना आधी कुऱ्हाडींसाठी प्रसिद्ध होता, पुढे त्याच्या मॅशेटी दक्षिणेकडच्या देशांत घरोघर गेल्या. त्यांनी एकच पातं सगळ्यांच्या गळ्यात मारलं नाही. ज्या देशात जसं पीक, तसा आकार घडवला. १९६६ साली कारखाना बंद झाला, पण त्याचं नाव तिकडे अजून निघतं.

आपल्याकडे वेगळं कुठे आहे? ऊसतोडीचा कोयता बघ. बुडख्याशी वाकून घाव, पाचट काढणं, वरचं वाढं छाटणं, सगळं त्या एका हलक्या पात्यावर, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. बीडकडून येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणूनच मोजतो. माणसंच अवजाराच्या नावाने मोजली जातात, हे ऐकलं की मामाच्या पोटात दरवेळी तुटतं. तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी सविस्तर बोलू.

कोकणातल्या कोयत्याला पुढे चोच असते, ती शोभेची नव्हे. वेल चोचीत अडकवायची, ओढायची आणि ओढतानाच कापायची. जमिनीलगत घाव घालताना जांभ्याला आधी चोच लागते, धार वाचते. राबासाठी ऐन-किंजळाचं कवळ तोडणारा माणूस झाडावर एका हाताने फांदी धरून बसलेला असतो. त्याच्या दुसऱ्या हातातलं वजन बेतानेच हवं. अर्धा-पाऊण किलोच्या वरचा कोयता घेऊ नकोस. मनगटाहून जाड लाकूड आलं की कोयता ठेवायचा आणि कुऱ्हाड घ्यायची. एकाच हत्याराने वेलही तोडायची आणि ओंडकाही फोडायचा, या हट्टापायीच असली सात मिलिमीटरची पाती खपतात.

आता पोलाद. तू अभिमानाने लिहिलंस, ‘खूप हार्ड आहे, मामा.’ अरे, कडकपणा हा सुरीचा गुण, कोयत्याचा नव्हे! भाजी चिरणाऱ्या पात्याला कडक असणं परवडतं. कोयत्याला खैराची गाठ लागते, दगड लागतो, कुंपणाची तार लागते. अति कडक धारेचा तिथे तुकडा उडतो, मग ती धार रानात बसून कशी लावणार? चांगल्या कोयत्याची परीक्षा साधी आहे. नवी कानस धारेवर फिरवायची. नुसती घसरली तर पातं फार कडक, साबणासारखी रुतली तर फार मऊ. थोडा जोर दिल्यावर चावली, की समजायचं पाणी बरोबर बसलंय.

हे पाणी बसताना एकदा बघच. लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतो. सुमारे अर्धा टक्का कार्बनचं स्प्रिंगचं पोलाद ते, वाकून परत सरळ व्हायची सवय त्याच्या अंगात असते. भट्टीत लाल करून घणाखाली ताणतो, चोच वळवतो. मग पुन्हा तापवून फक्त धारेची कड पाण्यात बुडवतो आणि पाठ तशीच ठेवतो. बाहेर काढल्यावर धार दगडावर घासून उजळ करतो आणि डोळे बारीक करून बघत राहतो. पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकते. उजळ कडेवर आधी फिका पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक राहते आणि तुटते. म्हणून जांभळा सरून निळा दिसायला लागला, की चटकन पाण्यात. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. नेपाळात खुकरी घडवणारे कामी लोहार तापल्या धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडतात, तेही याच कारणासाठी: धार टणक, पाठ चिवट. एवढी विद्या आपल्या नाक्यावर उभी असताना तू कुरियरची वाट बघत बसलास, याचं वाईट वाटलं. आपल्या लोहाराची मुलं मुंबईला गेली. भाता जाऊन विजेचा पंखा आला तरी घण मारायला दुसरा माणूस मिळत नाही. पावसाआधी चार कोयते सांगणारी घरंसुद्धा आता ऑनलाइन मागवायला लागली, तर तो भट्टी कशासाठी पेटवील?

मुठीचंही ऐक. शिसवाची किंवा बाभळीची घे, टोकाला खाली वळलेली, म्हणजे घामाने हात घसरला तरी अडतो. पकडल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकायला आली पाहिजेत. चकचकीत पॉलिश असेल तर खरवडून काढ, त्यानेच फोड येतात. वर जवसाचं तेल चोळ. पात्याला काम झाल्यावर खोबरेल. खाऱ्या हवेत एका रात्रीत तांब चढते.

म्यानाचं उत्तर: दोन्ही नको. चामडं पावसात ओल धरतं, नायलॉन आतून कापलं जातं. जाणती माणसं कमरेला मागे आकडी बांधून तीत कोयता अडकवतात, पण तू अजून शिकाऊ आहेस. लाकडी म्यान करून घे. आणि पुण्याहून काही आणायचं असेल तर गोणपाटात गुंडाळून डिकीत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. शेतीच्या आणि घरगुती कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. दात्यांचा सुरा शेतीसाठी आहे, हे नाक्यावरच्या हवालदाराला पटवत बसशील का? पुण्यात ‘कोयता गँग’च्या बातम्या आल्यापासून साध्या कोयत्याकडेही संशयाने बघतात.

पण खरी काळजी वेगळीच आहे, बाबू. तू म्हणतोस एकटाच जाऊन साफसफाई करणार. ती जमीन फुरशांची आहे. हातभर लांबीचं, दगडाखाली, पाचोळ्यात वेटोळं करून बसलेलं, मातीच्याच रंगाचं. जाळीत हात घालण्याआधी काठीने ढवळ. गुडघ्यापर्यंत गमबूट पाहिजेत. लाकडाचा जुना ढीग हाताने उचलू नकोस, खाली लाल विंचू असतात. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपाय दाखवून दिला, तेव्हापासून विंचवाने जाणारे जीव पुष्कळ वाचले, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. फुरसं चावलं तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, तडक सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथे मिळतं. त्या उतारावर फोनला रेंज नाही, हे तुला माहीत आहे ना?

तोडलेले खुंटही तिरके ठेवू नकोस, पडलास तर भाल्यासारखे घुसतात. जमिनीलगत सपाट काप. घाव नेहमी अंगाच्या बाहेरच्या बाजूला गेला पाहिजे, गुडघ्याच्या रेषेत कधीच नाही. डावा हात फांदीवर हवाच असेल तर घावापासून हातभर लांब.

शनिवारी ये. रविवारी लोहाराची भट्टी बंद असते. कमानपाट्याचा तुकडा आपल्या गॅरेजवाल्याकडे सांगून ठेवलाय. वाड्यातल्या गड्यालाही विचारलंय, तो सोमवार-मंगळवार तुझ्याबरोबर येईल. तोवर जाळीला हात लावू नकोस. निघालास की आईला फोन कर, आणि खेडला पोचलास की इकडे.

तुझा,
मामा