न पाहिलेली पुस्तके

१/ शाळेत असताना वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन नावांपुढे तीन वये लिहून ठेवली होती. केशवसुत ३९, गडकरी ३३, बालकवी २७. अल्पायुष्य हीच प्रतिभेची खूण, अशी माझी तेव्हाची ठाम समजूत होती. त्यांच्या कवितेत उदास ओळ दिसली की मला तिच्यात मृत्यूची चाहूल ऐकू येई. त्या समजुतीची गाठ कशी सुटली, ते आज सांगतो.

२/ पहिला धक्का केशवसुतांनी दिला. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले पेशाने शिक्षक होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिला. नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीत त्याने त्यांना गाठले. आठवड्याभरात त्यांच्या पत्नीही गेल्या. हे ‘कवीचे मरण’ नव्हते. त्या काळी लक्षावधी घरांवर जो घाला पडला, तोच या घरावर पडला. मी मात्र साथीच्या रोगाला दैवी संकेत समजत होतो.

३/ बालकवी म्हणजे धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराच्या कवितेने जाणते थक्क झाले आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो भेटला, तेव्हा माझ्या मनातली धूसर, व्याकूळ मूर्ती विरून गेली. तिथे होता तो घरात वावरणारा, जीव लावणारा एक हाडामांसाचा मुलगा. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. त्या एका दिवसाच्या उजेडात आधीची सगळी वर्षे वाचणे हा त्या मुलावर अन्यायच.

४/ राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. अखेरच्या आजारातही ते ‘भावबंधन’ लिहीत होते. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या निधनानंतर. मरणाची ओढ असलेला माणूस नाटक संपवण्यासाठी असा झटत नाही. त्यांना हवा होता तो वेळ.

५/ मग एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती वयांपेक्षा अधिक बोचली. या तिघांपैकी एकानेही स्वतःचा कवितासंग्रह हाती घेतला नाही. केशवसुतांची कविता हरि नारायण आपटे यांनी पुस्तकरूपाने आणली, तोवर कवीला जाऊन दशक उलटले होते. गडकऱ्यांची ‘वाग्वैजयंती’ आणि बालकवींचा संग्रह, दोन्ही मरणोत्तर.

६/ तोवर त्या कविता होत्या कुठे? हस्तलिखितांत, मित्रांच्या वह्यांत, ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’, ‘मनोरंजन’ अशा नियतकालिकांच्या अंकांत. अंक वाचून झाला की बहुतेक घरांतून तो नाहीसा होतो. कुणीतरी तो जपला, कात्रण ठेवले, उतरवून घेतले, म्हणून आज आपल्याकडे ‘तुतारी’ आहे आणि ‘औदुंबर’ आहे. आपण ज्याला कवीचे अमरत्व म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या चिकाटीचे फळ असते.

७/ ती वही अजून माझ्याकडे आहे. वये मी खोडली नाहीत. ती खरीच आहेत. पण केशवसुतांच्या नावाखाली आता हरिभाऊंचे नाव आहे आणि बालकवींच्या नावाखाली लक्ष्मीबाईंचे. गडकऱ्यांच्या खाली लिहिण्याजोगी माणसे इतकी निघाली की पान पुरले नाही.

८/ मित्रहो, इतिहासाच्या नादाला लागलेल्या आपणा सर्वांना एकच विनंती. आजोळच्या माळ्यावर जुन्या मासिकांचा गठ्ठा असेल, तर तो रद्दीत जाण्यापूर्वी एकदा चाळा. त्यातल्या एखाद्या कवीचे पुस्तक अजून निघायचे असेल.