उन्हाळ्यातले जोड

मी मराठीचा प्राध्यापक. विमानातले मला काय कळणार? पण चिरंजीव मेकॅनिकलला आहेत आणि त्यांच्या सेमिनारची तालीम गेल्या रविवारी आमच्या सोप्यावर चालली होती. श्रोते एकच, अप्पा. मुलाची आई धारवाडकडची, त्यामुळे भाषण अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात!

विषय होता, अतिवेगवान टेहळणी विमाने. अमेरिकेचे एसआर-७१ पहिल्यांदा उडाले १९६४ साली. वेग आवाजाच्या तिप्पट, उंची पंचवीस किलोमीटर. त्या वेगात हवेच्या घर्षणाने पत्रा इतका तापे की ॲल्युमिनियम टिकेना. म्हणून जवळजवळ सगळे विमान टायटॅनियमचे. तापल्यावर धातू फुगतो, हे धरूनच बांधणी केलेली. टाक्यांचे सांधे काही पक्के राहत नसत, त्यामुळे जमिनीवर उभे असताना इंधन ठिबकत असे. २०१३ साली लॉकहीडने याच्या दुप्पट वेगाच्या एसआर-७२ची कल्पना मांडली. तिथे तर उष्णतेचा प्रश्न कितीतरी बिकट.

अप्पा ऐकत होते की डुलत होते, कोण जाणे. पण वेल्डिंगचे नाव निघाले आणि ते सरसावून बसले.

कारखान्यात एक कोडे पडले होते. हिवाळ्यात केलेले स्पॉट-वेल्ड टिकत, उन्हाळ्यातले लवकर फुटत. शोध घेता घेता कारण सापडले पाण्यात. शेवाळ धरू नये म्हणून बरबँक गावच्या पाण्यात उन्हाळ्यात क्लोरीन जास्त सोडत, आणि भाग धुवायला तेच पाणी! टायटॅनियमला क्लोरीन सोसत नाही. मग ऊर्ध्वपातित पाणी वापरू लागले.

"ते सापडेपर्यंत वेल्डरला काय केलं?" अप्पांनी विचारले.

"ते पुस्तकात नाही, अज्जा."

मी सातवीत होतो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात ऐन पावसाळ्यात अप्पांचे जोड तडकले. रॉड सर्दावलेत, भट्टीत सुकवून द्या, असे ते सांगत राहिले. ऐकतो कोण? पगार कापला, पुढे कामही गेले. शाळेत कुणी विचारले तर मी म्हणायचो, अप्पांनीच नोकरी सोडली. खरे तर मलाही वाटे, हातच चुकला असेल.

"पुढं वाच की रे," अप्पा नातवाला म्हणाले. "पाणी कुणी तपासायला सांगितलं, ते बघ."