विसरलेले त्रैराशिक

आमच्या भाच्याने भालकीकडच्या शेतासाठी जुनी विलीज जीप घेतली. काळ्या रानातील चिखलावर उपाय म्हणून तिचा सांगाडा उंच केला आणि २८ इंची टायरांच्या जागी ३२ इंची चढविले. गाडी मोठी ऐटदार दिसू लागली. पण श्रावणात आजारी अक्कांना बीदरला नेताना ती चढावावर दम टाकून उभी राहिली. भर पावसात अक्कांचा तापलेला हात धरून आम्ही अर्धा तास बसलो.

पुढे मिस्त्रींनी उलगडून सांगितले. आसावरील पिनियनला ८ दाते, क्राऊनला ३९. म्हणजे पिनियनचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक. चाक मोठे झाले, की एका फेऱ्यात अंतर अधिक तुटते. पण ओढ तितकीच घटते. म्हणून हा आकडाही त्याच प्रमाणात वाढवावा. आम्ही मांडले : २८ ला ४.८८, तर ३२ ला किती? सुमारे ५.५८. मिळाली ती ८ ला ४३ दात्यांची, ५.३८ ची जोडी. किंचित कमी, पण चालण्याजोगी. मात्र पुढच्या-मागच्या दोन्ही आसांवर एकच प्रमाण हवे, नाहीतर चारही चाकांना ओढ देताच ती एकमेकांशी भांडतात.

आमच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. तेथील अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त त्रैराशिक सांगितले. शाळेत आम्ही ते वर्षानुवर्षे घोकून घेतले. घरची गाडी सजताना मात्र कौतुकाने पाहत राहिलो.

अक्का आता बऱ्या आहेत. चढाव आला, की त्या अजूनही आमचा हात धरतात.