लिखापढी

फाटकापासून ओट्यापर्यंत गाडी यावी म्हणून अंगणात काँक्रीट करायचं ठरलं. ठेकेदार मोहल्ल्यातलाच. म्हणाला, "चाचा, आपल्यात कसली लिखापढी?" मला वाटतं, आपल्यातच ती हवी. सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असा तिचा आदेश आहे. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यानं नातं शाबूत राहतं.

कागदावर घेतलं: खाली चोपलेला मुरूम, वर 4 इंच जाडी, सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण 1:1.5:3, पाणी बेताचं, उतार रस्त्याकडे, दर 8-10 फुटांवर सांधा, पैसे टप्प्याटप्प्यानं. त्यानंही एक ओळ घालायला लावली: पाणी मारणं घरवाल्यांकडे. रास्तच होतं. ओली गोणपाटं पसरून 7 ते 10 दिवस ओल राखली नाही, तर चांगलं कामही तडकतं. सांध्यातलं गवत उपटणं, दरवर्षी पावसाआधी चिरा भरणं, तेही आपलंच.

शेवटचा हप्ता ठरल्या दिवशी दिला. आता वाटेत भेटलो, की आधी सलाम कोण करतो, एवढीच आमच्यात चढाओढ असते.