कृष्णाकाठी तेलाचा भाव

जरंडेश्वराचा डोंगर नजरेत ठेवून साताऱ्याहून निघालं की थोड्याच वेळात पाडळी-सातारारोड लागतं. रस्त्याकडेची दुकानं, चहाची टपरी, शाळा सुटल्यावर सायकली रेटत जाणारी पोरं. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी १९२२ साली इथं कारखाना उभा केला. हे कूपर पुढं १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, तेही जेमतेम चार महिन्यांसाठी. पण गावोगाव त्यांचं नाव पोचवलं ते कारखान्यानं. आधी नांगर निघाले, मग तीसच्या दशकात डिझेलवर चालणारी इंजिनं. मोटेला बैल जुंपून जेवढं पाणी दिवसभरात निघायचं, तेवढं इंजिन घटकाभरात ओतायचं. नदीच्या काठानं त्या इंजिनांची फटफट सुरू झाली आणि पाण्यामागून ऊस वर चढत गेला.

टपरीवाल्या काकांनी विचारलं, "कशासाठी आलाय म्हणायचं?"

तेलाचा भाव पडला की माणसांच्या कामाचं काय होतं, ते बघत सांगलीपर्यंत जाणार आहे, असं मी सांगितलं. ते मनापासून हसले. "आपल्यात कुठं आलीया तेलाची विहीर?"

विहीर नाहीच. तेलावर जगणारी गावं म्हटली की डोळ्यापुढं येतात ती दूरची नावं: नॉर्थ डकोटातलं विलिस्टन, स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. २०१४ च्या जूनमध्ये कच्च्या तेलाचं पिंप ११५ डॉलरच्या आसपास होतं. २०१६ च्या जानेवारीत ते तीसच्याही खाली आलं. तिकडं विहिरी थांबल्या आणि माणसं घरी बसली. हे सगळं वर्तमानपत्रात आलं. पण त्याच काळात कृष्णाकाठी उसाची बिलं थकली होती, आणि या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून वाचायला हव्यात असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, क्षेत्र माहुलीच्या अंगाला. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. काठावर पेशवाईतली देवळं आहेत आणि थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधीही. गाडी सुटली तेव्हा जानेवारीतलं धुकं अजून रानात होतं. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. खिडकीतून दिसतं ते एकच पीक, त्याला अधूनमधून आल्याचा किंवा हळदीचा तुकडा. तोडणी झालेल्या रानात पाचट पेटवलेलं असतं. कराडच्या अलीकडं सह्याद्री कारखान्याचं धुराडं दिसू लागलं आणि मळीचा तो आंबूस, घशाला चिकटणारा वास डब्यात शिरला. समोरच्या बाकावरच्या आजींनी पदर नाकाला लावला, पण तोंडानं म्हणाल्या, "हा वास हाय तवर बरं म्हनायचं."

तेलाचा आणि उसाचा संबंध या मळीपासून होणाऱ्या इथेनॉलमधून लागतो, आणि तो थेट ब्राझीलला जाऊन परत येतो. तिथले बरेचसे कारखाने उसाच्या रसापासून साखरही करतात आणि इथेनॉलही. कशाचं प्रमाण किती ठेवायचं ते हंगामात बदलू शकतात. तिथल्या मोटारी दोन्ही इंधनांवर चालतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तरच गाडीवाला ते भरतो, कारण त्यावर गाडी कमी पळते. कच्चं तेल स्वस्त झालं की पेट्रोल स्वस्त, मग इथेनॉल परवडेनासं होतं, मग कारखाने रस साखरेकडं वळवतात. जगात साखर साचते आणि तिचा भाव पडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, अमेरिकेतल्या तेलाचा वायदा एका दिवशी शून्याच्याही खाली गेला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बाजारात साखर पौंडाला दहा सेंटांच्या आत आली. आदल्या हंगामात ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यातला सुमारे चौतीस टक्के ऊस साखरेला गेला होता, त्या हंगामात सेहेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेला.

कृष्णाकाठी उसाची बिलं थकली तो २०१४-१५ चा फटका एकट्या तेलानं दिला असं म्हणणं खरं होणार नाही. त्या हंगामात आपल्याकडंच दोनशे ऐंशी लाख टनांवर साखर झाली आणि ब्राझीलचं चलन घसरलं, त्यात तेलाची भर पडली. कारखान्याच्या दारात साखर क्विंटलला दोन हजारांच्या आसपास आली. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असा कायदा आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये देशभरातली थकबाकी एकवीस हजार कोटींवर गेली. आणि कच्चं तेल उतरलं म्हणून डिझेल तरी तेवढं उतरावं? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रानं पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. २०२० च्या मे महिन्यात डिझेलवर एका दमात लिटरला तेरा रुपये वाढवले. म्हणजे साखर पडली ती पूर्ण पडली, पण ट्रॅक्टरच्या टाकीत स्वस्त तेल आलंच नाही. या अन्यायाबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं गेलं.

कराडचं रेल्वे स्टेशन खरं तर ओगलेवाडीत आहे. मी तिथं उतरले ते कंदिलासाठी. ओगले बंधूंनी १९१६ साली इथं काचकारखाना काढला. ही जागा औंध संस्थानातली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उद्योगाला हात दिला. पहिल्या महायुद्धामुळं परदेशी काच येईनाशी झाली होती आणि रॉकेल मात्र डब्यांतून खेड्यापाड्यांत पोचू लागलं होतं. या दोन्हींच्या सांध्यावर 'प्रभाकर' कंदील उभा राहिला. ओगल्यांनी वडिलांचं नाव त्याला दिलं. महाराष्ट्रातली किती पोरं त्या उजेडात शिकली असतील!

स्टेशनजवळच्या एका घरात तो बघायला मिळाला. घरातल्या वयस्कर मामांनी माळ्यावरून काढून फडक्यानं पुसला. तळाशी रॉकेलची टाकी, तिच्या अंगावर उठावाची अक्षरं, वात वरखाली करायची चक्री, काच उचलायचा तारेचा खटका. खटका दाबल्यावर काच अजून सरळ वर गेली. मामांचे वडील भट्टीवर होते. "नळी फुकून फुकून गाल असे झालेले," म्हणत त्यांनी स्वतःच्या गालांवर बोटं टेकवून दाखवली. ही सगळी वाडी सकाळी भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची.

कंदिलाला संपवलं ते विजेनं. याच जिल्ह्यात कोयनेचं पाणी अडलं, १९६२ साली पोफळीचं वीजघर सुरू झालं, आणि हळूहळू गावागावात खांब आले. वीज यायलाच हवी होती. तिच्याबद्दल मामांच्या मनातही तक्रार नव्हती. मात्र भट्टीवरच्या माणसाला दुसरं काय शिकवायचं, याचा विचार वीज आणणाऱ्यांनीही केला नाही आणि कंदील विकणाऱ्यांनाही जमला नाही. कारखाना बंद झाला. स्टेशनवर मात्र पाटी 'कराड' अशी आहे; वाडीचं नाव तिथंही नाही.

पुढची गाडी पकडली. शेणोली गेलं. ७ जून १९४३ रोजी क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इथंच पगाराचे पैसे घेऊन जाणारी गाडी अडवली होती. त्या बापूंचं नाव आज कुंडलच्या साखर कारखान्याला आहे. या भागात सहकार उभा केला तो बऱ्याच अंशी बेचाळीसच्या चळवळीतल्या पिढीनं. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, गोळी खाल्ली, आणि पुढच्या दशकात सांगलीत कारखाना काढला. वाळव्याच्या नागनाथअण्णांनी हुतात्मा किसन अहीर यांच्या नावानं काढला. या माणसांनी ऊस हा पैशाइतकाच न्यायाचा प्रश्न मानला होता, हे विसरून इथल्या धुराड्यांकडं बघता येत नाही.

किर्लोस्करवाडीला उतरले. तेव्हाचं कुंडल रोड स्टेशन. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातून उठून आले तेव्हा इथं निवडुंग आणि साप होते. जागा आणि दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज पुन्हा औंधच्या पंतांचंच. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक, लाकडी-लोखंडी फर्निचर, पंप. वाडीवर भाव पडण्याचे प्रसंग कमी आले नाहीत, पण माल बदलत गेला आणि तोच कारागीर नव्या मालाला हात लावत गेला. पंप आजही इथं होतात. ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी एकाच रुळावर, एकाच राजाच्या मदतीनं उभ्या राहिल्या. एका वाडीचं नशीब एका वस्तूला बांधलेलं राहिलं, दुसरीचं सुटलं. मला तरी दोघींमधला मोठा फरक इथंच दिसतो.

कुंडलच्या बाजूला रस्त्यालगत कोप्या दिसल्या. उसाच्या पाचटाच्या, वरून निळं प्लास्टिक. बाहेर बैल, दोन शेळ्या, चुलीवर पातेलं. बीडकडची टोळी होती. तोड चालू होती तिथं गेले. पुरुष कोयत्यानं बुडख्याशी ऊस सोडत होते, मागून बायका वाढं छाटून मोळ्या बांधत होत्या. वाढ्याचाच पीळ घालून बंध करायचा, गुडघ्यानं मोळी दाबायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळीला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, दवानं ओल्या. त्यांतल्या एका ताईंचा पाय पट्टीवर पडायच्या आधी अंगठ्यानं जागा चाचपून घ्यायचा. सगळं काम बघताना माझी नजर त्या अंगठ्यावरच राहिली.

जेवायला बसल्या तेव्हा बोलल्या. नवराबायको मिळून एक कोयता. उचल दसऱ्याच्या आधीच घेतलेली, ती टनावर फिटायची. "कारखान्याचा पट्टा लवकर पडला, की उचल अंगावर राहती, ताई. मग पुढच्या साली त्याच मुकादमाकडं यावं लागतं."

साखरेचा भाव, ब्राझील, पिंप यातलं काहीच त्यांच्यापर्यंत येत नाही. येतो तो लवकर पडलेला पट्टा, म्हणजे लवकर आटोपलेलं गाळप, किंवा चालूच न झालेला कारखाना. आटपाडीचा माणगंगा, कवठेमहांकाळचा महांकाली अनेक हंगाम बंद राहिले. त्यामागं दुष्काळ, कर्ज, कारभार ही कारणं आहेतच, पण पडलेल्या भावाचं वर्ष आलं की आधीच वाकलेला कारखाना आडवा होतो. शेतकऱ्याला निदान एफआरपीचा कायदा आहे. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीचं सूत्र सुचवलं, त्यातही शेतकरी आणि कारखाना आहेत. तोडणाऱ्याचं नाव सूत्रात नाही. त्याचा दर टनावर, आणि तो वाढतो संपाची वेळ आणल्यावर: २०२४ च्या जानेवारीत चौतीस टक्के वाढ मिळाली ती कोयते खाली ठेवायची तयारी दाखवल्यावरच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, त्याला निधी द्यायचा तोही गाळपाच्या टनावर. म्हणजे ज्या वर्षी हंगाम आखूड, त्या वर्षी ही मदतही आखूड. हे उलटं असायला हवं, इतकी साधी गोष्ट आहे.

संध्याकाळच्या गाडीनं भिलवडी, नांद्रे करत सांगलीला पोचले. वसंतदादा कारखाना एके काळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जायचा. कर्जानं थकला आणि २०१७ मध्ये भाड्यानं चालवायला दिला गेला. जवळच्या हॉटेलात एक निवृत्त कामगार काका भेटले, गव्हाणीवर उमेदीची वर्षं काढलेले. सध्या त्यांचा मुलगा दुसऱ्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत आहे. त्यांना मुलाची काळजी जास्त.

इथेनॉलनं कारखान्यांना खरोखर आधार दिला, यात वाद नाही. आपल्याकडं त्याचा दर सरकार ठरवतं, कच्च्या तेलाबरोबर तो रोज हलत नाही. २०२३-२४ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होते. त्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. मग ७ डिसेंबर २०२३ रोजी, साखर कमी पडेल म्हणून, ऐन हंगामात रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात थोडी सैल झाली, पण धक्का बसायचा तो बसला. बाजाराच्या भावापासून वाचलेली नोकरी एका परिपत्रकावर टांगलेली आहे, हे त्या डिसेंबरात सगळ्यांना कळलं.

"पोरगं म्हणतंय, विजेवरच्या गाड्या आल्या की हे पण जाणार," काका म्हणाले. "खरं का?"

लगेच जाणार नाही, असं मी सांगितलं. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलंय, तेवढी मागणी काही वर्षं राहील. पण कायमची धरू नका. त्याला रसायनातलं आणखी काही शिकू द्या, जे औषधाच्या किंवा रंगाच्या कारखान्यातही चालेल.

"त्यो शिकंल की," काका म्हणाले. "पण अजून हंगामीच धरलाय त्याला. कायम केला तर रजा मिळंल, फी भरंल. आमच्या टायमाला हंगामी माणसालासुद्धा बंद काळात थोडा भत्ता असायचा. आता ठेकेदाराच्या पोरांना तोबी न्हाई. तुमी लिव्हनार असाल तर हे आधी लिवा."