तळ आणि रंग

आमच्या बेळगावात ‘पद्मिनी’ फारसं कुणी म्हणत नाही, म्हणतात ‘फियाट’. गाडी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली. १९६२ साली इटलीत निघालेल्या ‘अकराशे डी’ची ही भारतीय बहीण. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं, पण माहेरचं नाव काही सुटलं नाही. आम्हा सीमाभागातल्या माणसांना त्याचं नवल नाही. कागदावरचं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

आमची फियाट फिकट निळी. बाबांनी १९९१ साली जुनीच घेतलेली. आंबोलीचा घाट तिनं किती वेळा चढला, त्याचा हिशेब नाही. बाबा गेल्यावर मात्र ती शेडमध्येच राहिली. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ती मुदत जवळ आली तसा भंगारवाला दारात आला. आईनं त्याला चहा दिला, पण भाव काही ऐकून घेतला नाही.

मुलगा म्हणाला, “पप्पा, ठेवायची तर नीट ठेवू या. नाहीतर देऊन टाकू.” त्याच्या डोक्यात लाल रंग, काळं छत आणि रुंद चाकं. माझ्या खिशात चाळीस हजार.

उद्यमबागेकडच्या एका मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. पायाखालची मॅट उचलली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं पत्र्याला टोचलं. टोक आरपार गेलं. “तळ गट्टी इरबेक्री. बण्णा आमेले,” ते म्हणाले. आधी तळ भक्कम हवा, रंग नंतर. आईला कन्नड आमच्यापेक्षा बरं येतं. तिनं लगेच मान डोलावली.

मेस्त्रींचं म्हणणं नुसतं म्हणीसारखं नव्हतं. जीपला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा गंजला तरी सांगाडा उभा राहतो. फियाटला तशी चासी नाही. तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा. तिथला गंज पुट्टीनं बुजवून वर रंग मारला, तर गाडी दिसेल नवी आणि असेल पोकळ.

मग गंजका पत्रा कापून नवा वेल्डिंग करून बसवला. मजुरी वाचवायला घासकामाचं काम आम्ही बापलेकांनी अंगावर घेतलं. आठ रविवार गेले. पुट्टी, तिच्यावर प्रायमर, मग पाण्याचा पॉलिशपेपर. आधी खरखरीत, मग बारीक. हात फिरवून पाहायचं, कारण डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटांना कळतो आणि चकचकीत रंग चढला की साऱ्या गल्लीला दिसतो. आमचा पाऊस आडमुठा. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, म्हणून फवारणी दसऱ्यानंतर ठेवली.

लाल रंगाचा प्रश्न हिशेबानंच सुटला. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, डिकी, बॉनेटच्या खालचा भाग, सगळं बदलावं लागतं. नाहीतर दार उघडलं की जुना निळा डोकावतो. शिवाय नोंदणीच्या पुस्तकातही बदल करून घ्यायचा. एवढे पैसे नव्हते. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बाहेरची गाडी आजोबांची राहू दे. आतली माझी.”

डिकीच्या झाकणाच्या आत, जिथे ऊन लागलं नव्हतं, तिथला निळा घेऊन दुकानातून छटा जुळवून आणली. शेडची जमीन ओली करून धूळ बसवली. हार्डनर घातलेल्या रंगाची वाफ छातीला वाईट. मेस्त्रींनी स्वतः मास्क लावला आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. आतलं काम मुलाच्या मनासारखं झालं. पुढच्या सलग सीटला तपकिरी रेक्झिन शिवून घेतलं, पट्टे बसवले, मोबाईल चार्ज करायची सोय केली. गिअर मात्र स्टेअरिंगलाच राहिला. तो हलवायचा नाही, असं त्यानंच बजावलं.

चाळीस हजारांचा हिशेब असा: पत्रा आणि टिंकरिंग १६,०००, पुट्टी, प्रायमर, कागद ७,०००, रंग आणि फवारणी ९,०००, सीटकाम ६,०००, पट्टे आणि वायरिंग २,०००. लोक कौतुक करतात ते नऊ हजारांचं. गाडी तपासणीत पास झाली ती सोळा हजारांमुळे.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ती बातमी वाचून हळहळणारे पुष्कळ भेटले. ज्यांच्या शेडमध्ये अजून एखादी फियाट उभी आहे, त्यांना एवढंच सांगेन, की रंगाचं दुकान गाठण्याआधी मॅट उचलून पाहा. आमच्या गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षांनी पुन्हा करावी लागेल. ती तारीख मुलानं स्वतःच्या वहीत लिहून ठेवली आहे. मी सांगितलं नव्हतं.